पूजा आटोपेपर्यंत

"ज्या बाईचं नाव तुमच्या चिठ्ठीवर येईल तिच्यासमोर बसायचं. गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. ती बोलत असेल तोवर मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, 'आमच्याकडंही असंच झालं' म्हणायचं नाही. आणि वर्तुळात परत आल्यावर तिचं जे असेल ते 'मी' म्हणून सांगायचं. 'ती म्हणाली' नाही. मी."

रागिणीचा हा आवाज शनिवारपासून माझ्या कानात आहे. वाती वळताना, डाळ निवडताना, गच्चीवरचे कपडे काढताना. तिचा आवाज गोड आहे, त्या आवाजात दोष काही नाही. ती एका संस्थेत काम करते, दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या बायकांना एकत्र बसवते आणि त्याला वर्तुळ म्हणते. मी दिवाळीपासून जाते. "जाय ना आई, तेवढाच तुझा वेळ जाईल," असं विपुल, माझा मुलगा, म्हणाला होता. पण वेळ जावा म्हणून मी जात नव्हते. मी ते नेमासारखं धरलं होतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तसा हा शनिवार. निघण्याआधी देवाला कुंकू लावायचं, आल्यावर पाय धुवून दिवा लावायचा. माणूस नेम धरतो तो काही मागायला नाही तर काही फेडायला. मी काय फेडत होते ते मला ठाऊक होतं, आणि ते तोंडानं सांगायची पाळी यायची नाही अशीही माझी खात्री होती. कारण वर्तुळातल्या बायका सगळ्या अमरावतीच्या, आणि माझं जे होतं ते अकोल्याचं होतं.

त्या शनिवारी संक्रांत नुकतीच झाली होती. चंदानं तिळाच्या वड्या आणल्या होत्या. चंदाचं भाजीचं दुकान आहे, तिला आवाज कमी करणं जमत नाही. "घ्या, गोड बोला," म्हणून तिनं डबा फिरवला आणि स्वतःच म्हणाली, "दरसाल गोड बोलू बोलू मले शुगर झाली वं माय. यंदा कडू बोलू द्या." त्यावर पलीकडच्या एक वयस्क आपा म्हणाल्या, "कडवी तो तू पहले से हैच, चंदा." सगळ्या हसल्या. मीही हसले. अशा हसण्यात मला वाटायचं, होतंय काहीतरी, आपल्या हातून थोडंथोडं फिटतंय. तेवढ्यात चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा माझ्यासमोर आला आणि मी चिठ्ठी उघडली. तहरीम. नाव काय, कोणाचंही असतं. पण मी मान वर केली तर खिडकीजवळच्या खुर्चीत काळ्या ओढणीची एक पोरगी बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. मी तिळाची वडी चावायची थांबले. वडी जिभेवर तशीच राहिली. मी रागिणीकडे गेले आणि हळूच म्हटलं, "चिठ्ठी बदलून मिळेल का? त्या खिडकीतून मला ऊन लागतं." रागिणी म्हणाली, "मग खुर्ची सरकवा ना काकू. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी."

तहरीम जैनबबीची मुलगी. अकोल्यात बावीस वर्षं जैनबबीच्या घराची मागची भिंत आणि माझ्या घराची मागची भिंत एकच होती. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचे, तिची मुलं त्याच आवारातल्या उर्दू शाळेत जायची, दोन्ही शाळांना नळ एक. जैनबबीकडे पिंजारकाम. थंडीच्या तोंडावर माझ्या घरच्या रजया त्यांच्याकडे जात. जुना, गोळे झालेला कापूस पिंजून, नवी खोळ घालून, टाके मारून परत येत. पिंजण्याचं यंत्र सुरू झालं की भिंतीला कान लावल्याशिवायही घरघर ऐकू यायची आणि माझ्या अंगणातल्या तुळशीवर कापसाचं बारीक पांढरं बसायचं. मी ते कधी झटकलं नाही. तहरीम माझ्या ओट्यावर बसून मराठीचं पुस्तक वाचायची. तिचा भाऊ मोईज यंत्र चालवायचा. त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर कायम कापूस, तरुणपणीच म्हातारा दिसायचा, आणि कापूस छातीत जाऊन त्याला एक कोरडा खोकला लागलेला. खोक, मग थांब, मग खोक-खोक. भिंतीपलीकडून तो खोकला मला घड्याळासारखा होता. मोईज घरात आहे की नाही, हे त्याच्या आईच्या आधी मला कळायचं.

"आंटी, पैले तुमी का मी?" तहरीमनं विचारलं. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता. ती इथं औषधशास्त्र शिकते, होस्टेलमध्ये राहते, मैत्रिणीनं ओढून आणलं, हे तिनं एका दमात सांगितलं, जसं काही आम्ही परवाच भेटलो होतो.

"तू बोल बेटा."

"नाही. तुमीच बोला. मी आयकते. मधात बोलायचं नाही म्हने." ती हसली नाही.

मी काय बोलणार होते? घरच्या सुनेचं, आचलचं, काही सांगता आलं असतं; गुडघेदुखीचं सांगता आलं असतं. पण समोर ती होती आणि मी जे बोलले ते तेच. तीन वर्षं मनातल्या मनात सांगून सांगून ज्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या तेच. श्रावण होता, मी म्हटलं. माझं मौन होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणापासून माझं ते व्रत होतं. पहाटे उठल्यापासून पूजा आटोपून तुळशीला पाणी घालेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. नवऱ्याला झटका आला त्या सकाळीही मी आधी तुळशीला तांब्या ओतला आणि मग हाक मारली; तो त्या वेळी वाचला, आणि माझी समजूत पक्की झाली की मौनानं वाचला. पुढे तो गेला तेव्हा वैशाख होता. गल्लीला माझं मौन ठाऊक होतं. दूधवाला सकाळी विचारायचा नाही, पिशवी अडकवून जायचा. जैनबबी भिंतीपलीकडून म्हणायची, "बाईचा मौन चालू हाय, यंत्र उशिरानं लाव रे मोईज." त्या संध्याकाळी मोईज माझ्या दोन रजया खांद्यावर घेऊन आला. श्रावणातच का आणल्या म्हटलं, तर म्हणाला, "पुढं गर्दी होते आंटी, तुमचं पैले करून टाकलं." रजया दिवाणावर ठेवतो न ठेवतो तोच चौकाकडून ओरडा आला, मग शटर पडल्याचे आवाज, एकामागून एक. कोणाच्या तरी मोबाइलवर कसला तरी फोटो आला होता. तो काय होता ते मला आजही नीट माहीत नाही. मोईज दाराकडे गेला. मी त्याचा दंड धरला. "कुठं जातो? इथंच थांब." कडी मी लावली. माझ्या हातानं लावली. त्यानं घरी फोन केला, "आंटी के घर हूं, फिकर मत करो." मी खिचडी टाकली, स्टीलच्या ताटात वाढली, तो बैठकीत त्याच रजयांवर आडवा झाला. मला झोप लागली नाही. चौकातली शिंप्याची टपरी जळत होती त्याचा वास येत होता आणि दाराआडून खोकला येत होता. खोक, मग थांब, मग खोक-खोक. उजाडेपर्यंत.

सकाळी मी देवापुढे बसले होते. दार वाजलं ते मोईजनंच उघडलं, काही मनात असतं तर उघडलं असतं का? साहेब होते, दोन शिपाई होते, आणि त्यांच्यासोबत भगवंतराव. आमच्या गल्लीतल्या मंदिराचा कारभार ते बघतात, मला धाकट्या बहिणीसारखं मानत. साहेबांच्या हातात नावांचा कागद होता. "हाच का?" "हाच," भगवंतराव म्हणाले. मोईज म्हणाला, "साहेब, मी रात्रीपासून हतंच हाव. आंटीले विचारा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, हा रात्रभर इथं होता?" माझ्या हातात जपमाळ होती. भगवंतराव म्हणाले, "त्यायचं मौन राह्यते साहेब. पूजा होईपर्यंत बोलत नाहीत." तेव्हा मोईजनं जे केलं ते मला आठवायचं नसतं आणि तेच आठवतं. तो साहेबांना समजावून सांगायला लागला, एखाद्या घरच्या माणसानं पाहुण्याला सांगावं तसं: "हाव साहेब, श्रावणात मौन हाय त्यायचं. तोडता येत नाही. पूजा होऊ द्या, मंग सांगतात त्या." साहेब म्हणाले, "पूजा होईपर्यंत गाडी नाही थांबत." मोईजनं चप्पल घातली. दारातून वळून मला म्हणाला, "आरामसे करो आंटी. होगया के बोल देना." आणि गेला. हे सगळं मी तहरीमला सांगितलं. व्रत होतं बेटा, मी म्हटलं. इतक्या वर्षांचं व्रत. माझ्या तोंडाला कुलूप होतं.

ती मधे बोलली नाही. नियम तिनं पाळला. तिची नजर माझ्या तोंडावर नव्हती, माझ्या गळ्याशी कुठेतरी होती. मग रागिणीनं घंटी वाजवली, वेळ संपली, आणि माझ्या ध्यानात आलं की सगळा वेळ मीच घेतला. तिचं काही ऐकायचं राहूनच गेलं.

वर्तुळात एकेक जोडी उभी राहत होती. चंदा त्या वयस्क आपा होऊन बोलली, "मी निकाहात आली तवा बारा वर्साची होती," आणि बोलताबोलता तिचा आवाज खरंच खाली आला. टाळ्या वाजल्या. मग तहरीम उठली. ओढणी सारखी केली. "मी मनकर्णा," ती म्हणाली. माझं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "मी अकोल्याची. मी लय वर्सं मास्तरीन होती. मह्या शेजारी एक पिंजारी राह्यत होते. एका रात्री त्यायचा पोरगा मह्या घरी होता. मीच त्याले थांबवलं. सकाळी पोलीस आले, त्यायनं मले विचारलं. मह्या हातात माळ होती. मह्यं मौन होतं." इथवर तिनं माझेच शब्द वापरले. मग तिनं ओढणी पुन्हा सारखी केली. "मौनात बोलता येत नाही," ती म्हणाली. "पण मान हलवता येते. मी रोज हलवत होती. दूधवाल्याले एक पिशवी का दोन, ते मी मानेनंच सांगत होती. त्या दिवशी मी मान नाही हलवली."

मी असं म्हटलं नव्हतं. चंदा माझ्याकडे बघत होती. नियमाप्रमाणे तहरीमनं माझंच सांगायचं होतं, आणि तिनं माझंच सांगितलं होतं. टाळ्या वाजल्या, आधीच्यापेक्षा थोड्या कमी. रागिणी म्हणाली, "खूप धाडसानं मांडलंत दोघींनी. आता काकू, तुम्ही तहरीमचं सांगा." मी उभी राहिले. 'मी तहरीम' इतकंच मनात आलं आणि पुढे काहीच नव्हतं. "तिचं राहिलं," मी म्हटलं. "तिला वेळ मिळाला नाही."

"काही हरकत नाही, पुढच्या शनिवारी," रागिणी म्हणाली.

मान हलवता येते. गेले चार दिवस मी आरशासमोर उभी राहून मान हलवून बघते. इतकीशी खाली, इतकीशी वर. पापणी मिटायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. त्या सकाळी ती का हलली नाही? तीन वर्षं मी स्वतःला हा प्रश्न विचारलाच नव्हता, कारण मौन हे उत्तर आधीच हजर होतं. समोर प्रश्न उभा राहायच्या आत ते दारात जाऊन उभं राहायचं. आता ते बाजूला झालंय आणि मागचं दिसतंय. साहेब माझ्याकडे बघत होते तेव्हा मी साहेबांकडे बघत नव्हते. मी भगवंतरावांकडे बघत होते. आणि भगवंतराव ताटाकडे बघत होते. दिवाणाखाली रात्रीचं ताट तसंच होतं, खिचडीचं शीत वाळलेलं, आणि वर माझ्या रजयांना माणूस झोपून उठल्याचा खळगा. देवघरापासून ते ताट चार पावलांवर. त्यांनी ते पाहिलं, मग मला पाहिलं, मग नजर काढून घेतली, मोठ्या माणसानं काढावी तशी, पाहिलंच नाही असं दाखवून. मला लाज वाटली. पोलिसांची भीती नव्हती, खोट्या-खऱ्याचा विचार नव्हता. श्रावणातल्या सोमवारी माझ्या सोवळ्याच्या घरात हा पोरगा जेवला-झोपला, हे या माणसासमोर मानेनं कबूल करायची मला लाज वाटली. तेवढाच एक क्षण. त्या क्षणात मोईजनं माझ्या मौनाची बाजू घेतली आणि मी ती त्याला घेऊ दिली.

आणि पूजा? त्या दिवशी पूजा किती वेळ चालली, ते फक्त मला माहीत आहे. मी रोज पोथीचा एक अध्याय वाचते. त्या दिवशी चार वाचले. गाडीचा आवाज गेला, गल्ली शांत झाली, भिंतीपलीकडे जैनबबीचं रडणं सुरू झालं, आणि मी वाचत राहिले. तुळशीला पाणी घातलं तेव्हा ऊन अंगणात मधोमध आलं होतं. त्यानंतर मी बोलायला मोकळी होते. साडी बदलून निघालेही, ठाण्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले; तिथं आमच्याच गल्लीतली चार माणसं उभी होती, आणि मी देवळाकडे वळले. दुपारी भगवंतराव आले. "बाई, तुमी भोळ्या. कागदावर एकदा नाव चढलं का मंग जलमभर चकरा. आन् तो रात्री उठून गेलाच नसन, हे तुमाले काय मालूम? तुमी तं झोपल्या होत्या." मी झोपले नव्हते. मी म्हटलं, "हो, डोळा लागला होता." हे माझं मौन सुटल्यानंतरचं पहिलं वाक्य. तहरीमला हे मी सांगितलेलं नाही. ते तिनं माझ्या वतीनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला ते ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी जैनबबी फाटकाशी आली. आत आली नाही. बावीस वर्षांत ती कधी फाटकाशी उभी राहिली नव्हती, सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी यायची. "बाई, मह्या पोरानं काही नाही केलं, तुले मालूम हाय. तू फक्त चाल अन् सांग." मी म्हटलं, "सांगते." तिनं दोन्ही हात वर करून माझ्यासाठी दुवा मागितली. त्याच रविवारी विपुल गाडी घेऊन आला, "वातावरण निवळेपर्यंत चल," म्हणाला. वातावरण निवळलं. घर विकलं गेलं. मोईज आठ महिन्यांनी जामिनावर सुटला हे मला कोणाकडून तरी कळलं, तेव्हा मी सत्यनारायण घातला. प्रसाद सगळ्या बिल्डिंगला वाटला. त्यानंतरच्या श्रावणापासून मौन मात्र घेतलं नाही. घ्यायला बसले की खोकला ऐकू यायचा.

त्याच शनिवारी वर्तुळ सुटल्यावर वाचनालयाच्या जिन्यात तहरीमनं मला गाठलं. मला वाटलं, ती आता ओरडेल. ओरडली असती तर मी रडले असते, आणि मग बहुतेक मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "गुरुवारी तारीख हाय अकोल्याले. आमच्याकडून साक्षीदार द्याची ही आखरी तारीख. वकील म्हनते, बाई आल्या तं त्यायची साक्ष होते, नाही आल्या तं सीधा निकाल."

"मी आले तर सुटेल तो?"

"काय मालूम. वकीलच म्हनते का तीन वर्सानं कोन मानते. पैला सवाल हाच राह्यन, आतापरेंत काहून गप होत्या. टपरीत तो शिंपी जळाला ना आंटी, हात जळाले त्याचे. कोनाले तं सजा देनं हाय त्यायले." ती एक पायरी उतरली. "भाई म्हनते, त्या बाईले नको बलावू. थे आली अन् तिथं जाऊन पुन्हा चुप बसली तं मी मरन. आम्मीले तं मी सांगितलंच नाही का तुमी हतं हा."

"येते मी."

"आम्मीलेही तुमी सांगते म्हनल्या होत्या."

"येते, तहरीम. गुरुवारी येते. देवाची शप—"

"शपथ नका घेऊ," ती म्हणाली. "तुमच्या शपथा, उपास, मले आता काही नाही वाटत त्याचं. साडेनऊले कोर्टाच्या फाटकाशी या. आल्या तं आल्या."

ती खाली गेली. रस्त्यावर आपा आणि चंदा एका ऑटोत बसत होत्या, सरकून सरकून जागा करत होत्या, चंदा म्हणत होती, "अवं बस ना माय, मह्या मांडीवर बस." संध्याकाळी वर्तुळाच्या ग्रुपवर फोटो आला. मी आणि तहरीम, गुडघ्याला गुडघा. खाली रागिणीनं लिहिलं होतं, 'आज दोन मनांमधली भिंत पडली.' त्याखाली फुलं, हात जोडलेले, चौदा बायकांची. आमच्यातली भिंत पडावी असं कोणाला वाटत होतं? भिंत होती तेव्हा तिला कान लावता येत होता. मी फोटो बोटांनी मोठा केला. माझ्या चेहऱ्यावर आपलं कोणी ऐकतंय याचं समाधान होतं. इतकं उघडं समाधान की मी फोन उलटा ठेवला. तहरीमचा चेहरा दिसत नव्हता, ती खिडकीकडे बघत होती.

रविवारी मी विपुलला सांगितलं. तो चिडला नाही. तो कधी चिडत नाही, माझ्यासारखाच हळू बोलतो. "आई, क्लासमध्ये दोनशे पोरं आहेत माझ्या. त्यातल्या निम्म्यांचे बाप ज्या ग्रुपवर आहेत त्याच ग्रुपवर मी आहे. उद्या कोर्टाबाहेरचा तुझा फोटो तिथं आला, तर मी खाली काय लिहू?" मी डाळीतला एक खडा वेचून बाजूला ठेवला. "मी नको म्हणत नाही. पण फायदा काय? वकीलच म्हणतो ना, कोणी मानणार नाही. तुझी फजिती होईल आणि त्या पोराचं काही भलं होणार नाही. बीपी वाढलं म्हण. कागद मी आणतो डॉक्टरचा. तुला खोटंही बोलावं लागणार नाही, आई. तू फक्त पडून राहा." किती मायेनं म्हणाला. मी पाहिलं, त्याचं नाक त्याच्या वडिलांसारखं आहे, पण हे असं माणसाला सोडवणं, काहीच करायला न लावता सोडवणं, हे माझं आहे. आचल भाजी चिरत होती. तिनं वर पाहिलं नाही. सोमवारी डॉक्टरचा कागद फ्रिजवर लोहचुंबकाखाली लागला. त्यावर माझं नाव, वय, आणि तीन दिवस सक्तीची विश्रांती.

मी देवापुढे बसले. काही विचारलं नाही. त्या सकाळी तोही तिथंच होता, चार पावलांवर, त्यानं ताट पाहिलं, खळगा पाहिला, रात्रभरचा खोकला ऐकला. तोही काही बोलला नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, माझी शांतता आणि त्याची शांतता एकाच जातीची आहे. आता त्याच्याकडे बघताना मला भीती वाटते की ते खरंच आहे. मी फुलं वाहिली, नेम म्हणून. निरांजन लावलं, नेम म्हणून. हात चालत होते. बुधवारी तहरीमचा फोन आला, अर्धा मिनिट. "आंटी, भाई येनार हाय, त्याले यावंच लागते. पण तो तुमच्याकडे पाह्यनार नाही. तुमीही त्याले आवाज देऊ नका. या, बोला, अन् जा." मी 'बरं' म्हटलं. तिनं विचारलं, "तुमी आल्या तं तुमच्या घरी चालते ना?" मी पुन्हा 'बरं' म्हटलं. ते उत्तर नव्हतं, तिच्याही लक्षात आलं असणार, तिनं फोन ठेवला.

कोर्टात काय बोलायचं ते मी मनात जुळवते. तो माझ्या घरी होता. मी जागी होते. मला त्याचा खोकला ऐकू येत होता. मग ते विचारतील, तेव्हा का नाही सांगितलं? व्रत होतं म्हटलं तर खोटं. ताटाचं सांगितलं तर? एका ताटासाठी माणूस गप्प बसला, हे कोणत्या कागदावर लिहून घेतील? समोर मोईज बसलेला असेल, खाली बघत. आजवर त्याला निदान इतकं वाटत असेल की आंटीचं मौन होतं. त्यानंच तर सांगितलं होतं साहेबांना. मी खरं बोलले तर तेही त्याच्याकडून जाईल. त्याला सोडवायला जावं आणि जाता जाता ते शेवटचं काढून घ्यावं. शिवाय सुटण्याची खात्री कोणालाच नाही. मग मी कशासाठी जाते? जाते म्हटलं म्हणून. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

गुरुवारी अंधार असतानाच उठले. अकोल्याची पहिली गाडी धरायची होती. अंघोळ केली, पांढऱ्या काठाची साडी नेसले, पिशवीत आधारकार्ड, पाण्याची बाटली, चष्मा. बैठकीत विपुल सोफ्यावर झोपला होता. तो तिथं कधी झोपत नाही. त्याचे डोळे मिटलेले होते, पण श्वास झोपेतला नव्हता. मी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. त्यानं पाय हलवला नाही. दाराची कडी मी आवाज न करता काढली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

दुसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत अठ्ठावीस पायऱ्या. जिन्यात दिवा नव्हता. मला वाटलं, एकदा म्हणून बघावं, इथं कोणी नाही. 'तो रात्रभर माझ्या घरी होता.' ओठ हलले, आवाज आला नाही. मी कठडा धरला, दोन पायऱ्या उतरले, पुन्हा म्हटलं. थोडं घोगरं काहीतरी निघालं. तिसऱ्यांदा खालच्या वळणावर वाक्य पूर्ण निघालं, भिंतींवर आपटून मोठं झालं, आणि तळमजल्याच्या पार्बताबाई अंगणात सडा टाकत होत्या त्यांनी बादली खाली ठेवली.

"काय म्हनल्या वं काकू?"

पूर्वेला जरासं फटफटलं होतं. त्यांचा चेहरा मला दिसत होता, चांगला चेहरा, उत्तराची वाट बघणारा.

"काही नाही," मी म्हटलं. "थंडी आहे म्हटलं."

"हाव ना बाप्पा, यंदा लयच." त्यांनी बादली उचलली. "इतक्या सकाळी कुठं?"

"अकोल्याला."

मी फाटक उघडलं, ओल्या सड्यावर पाय पडू नये म्हणून कडेनं निघाले, आणि चौकात स्टँडकडे जाणारी ऑटो दिसते का ते बघत चालू लागले.